मुलाखतीला माझ्याआधी माझी बॅलन्स शीट पोचली होती

२०२३ च्या नोव्हेंबरातली गोष्ट, दिवाळी नुकतीच उरकलेली, फराळाचे डबे अजून संपले नव्हते. चाकणच्या एका कंपनीत ऑटोमेशन मॅनेजरच्या पोस्टसाठी तिसरा राउंड होता. पहिले दोन मस्त गेले होते, पीएलसी, स्काडा, पॅनेल, कमिशनिंग, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, त्यामुळे मी जरा टेचातच गेलो. समोर प्लांट हेड, एचआरचा एक पोरगा आणि कोपऱ्यात एक पन्नाशीच्या मॅडम, फायनान्सच्या. मला वाटलं पगाराचं बोलायला बसल्या असतील. त्यांच्या पुढ्यात स्टेपल केलेले पंधरावीस कागद होते, मी समजलो माझा रेझ्युमे असेल, पण माझा रेझ्युमे दोन पानांचा, हे एवढं जाड काय?

त्यांनी पहिलं पान उलटलं आणि मला उलट्या बाजूने माझीच सही दिसली. खाली बायकोची सही. आमच्या बंद पडलेल्या कंपनीची बॅलन्स शीट!

खरं सांगतो, आधी रागच आला. म्हणजे हे असं कुणीही काढू शकतं? तर हो, काढू शकतं, आणि मी स्वतः सात वर्षं डायरेक्टर असून मला ते कधी डोक्यातच आलं नव्हतं. कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाचं पोर्टल आहे ना, ज्याला सगळे एमसीए म्हणतात, तिथे लॉगिन करायचं, कंपनीचं नाव टाकायचं, १०० रुपये भरायचे, की त्या कंपनीने भरलेली सगळी पब्लिक कागदपत्रं बघता येतात. कंपनी कायदा २०१३, कलम ३९९. १०० रुपयात आता चाकण रोडला दोन मिसळसुद्धा येत नाहीत. आणि १०० रुपये नाही भरले तरी मास्टर डेटा फुकट दिसतोच, कंपनी कधी स्थापन झाली, भांडवल किती, शेवटची बॅलन्स शीट कुठल्या तारखेची, डायरेक्टर कोण, बँकेचा बोजा आहे का. शिवाय टॉफलर, झौबा कॉर्प असल्या साइट्स हाच माल उचलून गुगलवर आणून ठेवतात, तुमचं नाव टाकलं की लिंक्डइनच्या खालोखाल तुमचा डिन, म्हणजे डायरेक्टर म्हणून मिळालेला नंबर.

आमचे सीए नंतर म्हणाले की १९५६ च्या जुन्या कायद्यात प्रायव्हेट कंपनीचं नफा-तोटा पत्रक बाहेरच्या माणसाला बघता येत नसे, फक्त सभासदांना, बॅलन्स शीट तेवढी सगळ्यांना खुली. नव्या कायद्यात तो पडदा गेला. माझा मावसभाऊ इंग्लंडात रेडिंगला आहे, तो स्वतःची लिमिटेड काढून कॉन्ट्रॅक्टिंग करतो, तो हसला, म्हणे तिकडे कंपनीज हाउसवर सगळं फुकटच दिसतं, फक्त छोट्या कंपन्या नफा-तोटा पत्रक न देता नुसतं ताळेबंद भरून मोकळ्या होतात, तरी रिक्रूटर लोक गेल्या वर्षीची आणि यंदाची शिल्लक वजा करून अंदाज बांधतातच की हा गडी दिवसाला किती पौंड घेत असेल. म्हणजे आपल्याकडे त्याहून उघडं. असो.

आधी आमच्या कंपनीबद्दल थोडं. २०१५ साली मी आणि बायको, दोघं डायरेक्टर, भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा, कंट्रोल पॅनेल बनवायचे, वायरिंग, प्रोग्रॅमिंग, साइटवर जाऊन कमिशनिंग, म्हणजे सगळं जोडून मशीन चालू करून देणं. रजिस्टर्ड ऑफिस म्हणून निगडी प्राधिकरणातलं बाबांचं घर दाखवलं होतं, कारण गाळ्याचा मालक एनओसी द्यायला तयार नव्हता. कायद्याने रजिस्टर्ड ऑफिसच्या बाहेर कंपनीच्या नावाची पाटी लावावी लागते, म्हणून बाबांच्या नावाच्या पाटीखाली आमची स्टीलची पाटी, प्रायव्हेट लिमिटेड. बाबा आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे. २०१८-१९ ला आमचं बरं चाललं होतं, मग गाडी उतरणीला लागली, कोविडमध्ये कंबरडं मोडलं, मार्च २०२२ ला गाळा सोडला.

कायद्याच्या भाषेत आम्ही स्मॉल कंपनी. २०२२ मध्ये त्याची मर्यादा ४ कोटी भांडवल आणि ४० कोटी टर्नओव्हर अशी केली होती, आता बोला, ४० कोटीवाला पण स्मॉल आणि आम्ही पण स्मॉल. आम्ही त्या व्याख्येच्या तळाशी बसलेलो चिंगळं.

तर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, आवाज एकदम साधा, काही खोच नाही. "तुम्ही रेझ्युमेत लिहिलंय, तीन कोटींपर्यंत व्यवसाय वाढवला. मला सगळ्यात जास्त १ कोटी ६८ लाख दिसतायत, २०१८-१९ ला. तीन कोटी कुठल्या वर्षी?"

आता काय सांगू. तीन कोटी कुठल्याच वर्षी नव्हते. २०१९ च्या शेवटी आमच्या हातात दोन कोटी नव्वदच्या ऑर्डरी होत्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त लॉकडाउनमध्ये कॅन्सल झाल्या. पण मी ते तीन कोटी इतक्यांदा बोललो होतो, नातेवाइकांत, लग्नात, बँकेच्या मॅनेजरपुढे, की मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. त्यात आम्ही छोटे धंदेवाले टर्नओव्हर बोलताना जीएसटी धरून बोलतो, बिलावरचा आकडा म्हणजे टर्नओव्हर. नफा-तोटा पत्रकात जीएसटी धरत नाहीत. म्हणजे १८ टक्के जीएसटी तिथेच गळतो. मी ऑर्डरींचं खरं काय ते सांगितलं. त्यांनी पेन्सिलने बाजूला काहीतरी लिहिलं.

दुसरा प्रश्न त्याहून वाईट. "शेवटचा सीटीसी १५ लाख लिहिलाय तुम्ही. इथे संचालकांचं मानधन वर्षाला ४ लाख ८० हजार आहे."

हे कुठे दिसतं माहितीये? बॅलन्स शीटच्या मागे नोट्स असतात, त्यात रिलेटेड पार्टी नावाची एक नोट असते, संचालक, त्यांचे नातेवाईक, त्यांच्या दुसऱ्या फर्म, यांच्याशी काय देवाणघेवाण झाली ते तिथे नावानिशी लिहायला लागतं. कंपनी कितीही छोटी असली तरी. त्या नोटवर मी सात वर्षं डोळे झाकून सही केली होती. महिन्याला ४० हजार, माझ्या नावापुढे, छापील. आमच्या वायरमनपैकी सगळ्यात सीनियर होता त्याला ओव्हरटाइम धरून ३८ पडायचे.

त्यामागची गंमत अशी की मी ४० हजारात घर चालवतच नव्हतो. सुरुवातीला मी नोकरीतले साठवलेले १४ लाख कंपनीत घातले होते, ते अनसिक्युअर्ड लोन म्हणून खात्यात होते, आणि सीए म्हणाले की पगार जास्त घेऊन टॅक्स कशाला भरता, तुमचंच लोन थोडं थोडं परत घ्या, त्यावर टॅक्स नाही. बरोबरच होतं त्यांचं. म्हणून पहिली चार वर्षं माझा खरा खर्च पगार अधिक लोनची परतफेड असा भागायचा. पण वाचणाऱ्याला काय दिसतं? पगार ४ लाख ८०. बस. तेव्हा वाचवलेला टॅक्स २०२३ ला मला कुठल्या दराने परत भरायला लागला त्याचा हिशोब मी अजून घातलेला नाही, मनस्ताप होईल.

बरं एचआरच्या पोराने वेगळंच शोधून आणलेलं. तो म्हणाला, सर, तुमच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या नंबरवर, २०१५ नंतर काहीच नाही, आणि पीएफवाल्या ईपीएफओच्या साइटवर तुमची कंपनी पण सापडत नाही. नाहीच सापडणार, पीएफ वीस माणसांवर लागू होतो, आमची पगारपत्रकावर सातच माणसं. "पण तुम्ही तर २२ जणांची टीम लिहिलंय." झालं! आता हे मात्र खोटं नव्हतं हो. सात जण आमच्या रोलवर आणि बाकीचे दोन जॉब वर्कवाले, त्यांची पोरं आमच्याच गाळ्यात आमच्याच पॅनेलवर काम करायची, मी त्यांना सकाळी काम वाटायचो, चुकलं की ओरडायचो, रात्री दोनला साइटवर त्यांच्यासोबत वडापाव खायचो. टीमच होती ती माझी. पण पत्रकात ती एम्प्लॉयी बेनिफिटच्या रकान्यात येत नाही, जॉब वर्क चार्जेस म्हणून इतर खर्चात येते. मॅडमनी स्वतःच दोन पानं उलटून ती ओळ शोधली, ३१ लाख, म्हणाल्या, "हं, आहे, इथे आहेत तुमची पंधरा माणसं." मला एकदम बरं वाटलं. कुणीतरी ३१ लाखाच्या आकड्यात माणसं बघितली.

पुढची अर्धी मुलाखत तांत्रिक राहिलीच नाही, त्या बाईंनी माझी कंपनी माझ्यापुढे वाचून दाखवली असंच म्हणायला पाहिजे. त्या आधी ऑडिटरचा रिपोर्ट वाचतात म्हणे, आकडे नंतर. आमच्या शेवटच्या रिपोर्टात गोइंग कन्सर्नवर एक परिच्छेद होता, कंपनी पुढे चालू राहील की नाही याबद्दल शंका आहे असा. मी तेव्हा सीएंशी त्यावरून भांडलो होतो, असं काय लिहिता, लोक काय म्हणतील. लोक म्हणजे कोण, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, उलट हे लिहिलंय म्हणून पुढच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

मग येणी. २०२१ च्या एप्रिलपासून नवीन नियम आहे, उधारी किती जुनी ते वयोमानाप्रमाणे लावून दाखवायचं, सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या वर. आमच्या २०२१-२२ च्या तक्त्यात दोन ते तीन वर्षांच्या रकान्यात ११ लाख. वर्षाची विक्री सगळी मिळून ३८ लाख आणि जुने ११ लाख असे अडकलेले. त्यांनी विचारलं, एकच पार्टी ना ही? मी म्हटलं हो. रिटेन्शनचे, म्हणजे गिऱ्हाइकाने राखून ठेवलेले पैसे आणि शेवटचं बिल, कमिशनिंग झालं, मशीन आजही चालतंय, पण काम झाल्याची सही, साइन-ऑफच देत नव्हते, आज साहेब नाहीत, उद्या ऑडिट आहे, परवा सॅप बंद आहे. ज्याने पॅनेलचा धंदा केलाय त्याला हे नव्याने सांगायची गरज नाही. "मग बुडीत का नाही दाखवलेत?" कारण दाखवलं असतं तर तोटा आणखी ११ लाखाने वाढला असता आणि बँक सीसी लिमिट, म्हणजे धंद्याला दिलेल्या कॅश क्रेडिटची मर्यादा, कमी करेल ही भीती होती. हे मी बोललो नाही, पण त्यांना कळलं. समोर बसलेल्या प्लांट हेडने मात्र खुर्चीत चुळबूळ केली, कारण त्यांची कंपनी व्हेंडरला कशी आणि कधी पेमेंट करते ते सगळ्या चाकणला माहीत आहे.

सीसीवरून आठवलं. "तुमच्यावर २५ लाखाचा बँकेचा चार्ज दिसतोय, ओपन. कर्ज बाकी आहे?" मी म्हटलं, छे, ते तर नंतर पूर्ण फेडलं, बँकेचं नो ड्यूज आहे घरी. "मग सीएचजी-४ नाही भरलात." काय? तर कर्ज घेताना जसा चार्ज नोंदवतात तसा फेडल्यावर तो उतरवायचा एक फॉर्म असतो, तो भरल्याशिवाय सरकारी रेकॉर्डवर कर्ज तसंच दिसतं. जमिनीवरचा बोजा सातबारावरून कमी करून घ्यायचा राहतो ना, अगदी तस्संच. मी एका अनोळखी खोलीत बसून तीन लोकांना पटवत होतो की मी कर्जबाजारी नाहीये.

आणि शेवटी एक बॉम्ब. त्यांनी विचारलं, "ही दुसरी कंपनी कुठली? तुम्ही डायरेक्टर आहात तिथे." मला आठवेच ना, मग ट्यूब पेटली. २०१७ साली एका मित्राने ड्रोनची काहीतरी कंपनी काढली होती, प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर लागतात म्हणून माझं नाव घातलेलं, एक रुपयाचा धंदा झाला नाही, तो गेला कॅनडात. दोन वर्षांचे रिटर्न भरलेले नव्हते. लागोपाठ तीन वर्षं नाही भरले तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र होतो, कलम १६४. २०१७ मध्ये सरकारने दोन लाखांहून जास्त कंपन्या रजिस्टरमधून काढून टाकल्या होत्या, तेव्हा असे कितीतरी नावाला डायरेक्टर झालेले लोक सापडले होते, त्यात कुणाच्या सासूबाई होत्या, कुणाचे ड्रायव्हर. त्यावर मी तेव्हा व्हॉट्सअॅपवर जोक फॉरवर्ड केले होते, म्हणजे बघा. त्यात ह्या चाकणवाल्यांच्या अर्जाच्या फॉर्ममध्ये अट होती की दुसऱ्या कुठल्या कंपनीत डायरेक्टर असाल तर आधी जाहीर करा. मी फॉर्मवर "नाही" असं टिक केलं होतं. मनापासून केलं होतं हो, पण टिक ती टिक.

एवढं सगळं झाल्यावर मी मनातल्या मनात बॅग उचललीच होती. तेव्हा त्यांनी दोन वर्षांचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवून विचारलं. २०१९-२० ची विक्री १ कोटी १२ लाख, २०२०-२१ ची ४६ लाख. निम्म्याहून कमी. पण एम्प्लॉयी बेनिफिटचा खर्च २१ लाखावरून १९ लाख, जवळपास तसाच. आणि त्याच वर्षी संचालकांचं मानधन शून्य, आणि संचालकांकडून कर्ज ९ लाखाने वाढलंय. "हे काय केलंत तुम्ही?"

काय केलं होतं? बाबांनी एफडी मोडली, मी माझ्या पीपीएफमधून पैसे काढले, आणि पोरांचे पगार केले. सात जणांतले चौघे गावाला जाऊन बसलेले, एक जालन्याचा, दोघे सोलापूरकडचे, एक बिहारचा, त्यांनाही अर्धा पगार पाठवत होतो, वाटत होतं दोन महिन्यात सुरू होईल, मग आणखी दोन महिने, मग आणखी. छोट्या कंपनीला कॅश फ्लोचं पत्रक द्यावं लागत नाही त्यामुळे हे असं सरळ कुठे लिहिलेलं नसतं, पण तीन ओळी एकत्र लावल्या की सगळं दिसतं. मी थोडक्यात सांगितलं. मला, प्रामाणिकपणे सांगतो, वाटलं की आता त्या म्हणतील वा, काय माणूस आहे.

त्या म्हणाल्या, "जून २०२० मध्येच थांबायला हवं होतं तुम्ही."

अगदी शांतपणे. रागाने नाही, उपदेश म्हणून पण नाही, जसं एखादा डॉक्टर जुना एक्स-रे बघून म्हणतो की तेव्हाच प्लास्टर घालायला हवं होतं, तसं. मला त्या वाक्याचा किती दिवस राग होता. आता नाहीये. बायको तर हेच तेव्हा रोज रात्री म्हणत होती, फक्त तिच्याकडे स्टेपल केलेले कागद नव्हते.

ती नोकरी मिळाली नाही. एचआरचा मेल आला, वुइ हॅव डिसायडेड वगैरे. टिक केलेल्या "नाही" मुळे की सीटीसीमुळे की पोस्टच रद्द झाली, ते कळलं नाही, विचारलंही नाही.

घरी येऊन मात्र मी पहिल्यांदा आमच्या कंपनीचे सातही वर्षांचे कागद काढून बसलो. कारण परतताना नाशिक फाट्याच्या सिग्नलला एक गोष्ट डोक्यात आली होती. नोकरी करणाऱ्याकडे एक्स्पीरियन्स लेटर असतं, रिलीव्हिंग लेटर असतं, सॅलरी स्लिप असते. माझ्याकडे काय होतं? स्वतःच्या लेटरहेडवर स्वतःला दिलेलं सर्टिफिकेट, खाली स्वतःचीच सही, एका कन्सल्टंटने सॅलरी स्लिप मागितली तेव्हा तीही मीच एक्सेलमध्ये केली होती, एम्प्लॉयीच्या रकान्यात पण मी आणि ऑथराइज्ड सिग्नेटरी पण मी. त्याला कोण विचारतं! बाहेरच्या माणसाने तपासलेला, तारखेसकट सरकारदरबारी पडलेला माझ्या सात वर्षांचा एकमेव पुरावा म्हणजे ती बॅलन्स शीट. आणि ती मी कशी भरली होती, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका हातात फोन, साइटवर मोटार ट्रिप होतेय, सीएंच्या ऑफिसातला आर्टिकल, म्हणजे शिकाऊ पोरगा, डिजिटल सिग्नेचरचं टोकन घेऊन दारात उभा, सर लवकर करा लास्ट डेट आहे, उद्यापासून रोजचे १०० रुपये लागतील. बॅलन्स शीटच्या एओसी-४ फॉर्मला वेगळे, वार्षिक रिटर्नच्या एमजीटी-७ए ला त्याच्या तारखेनंतर वेगळे, आणि त्याला वरची मर्यादा नाही, म्हणजे चार महिने राहिलं तर एका फॉर्मला १२ हजार. त्या १०० रुपयांच्या धाकापायी मी आत काय लिहिलंय ते कधी वाचलंच नाही. रेझ्युमेचा फॉन्ट मात्र तीन वेळा बदलला होता.

आता थोडं काय केलं ते. मित्राला कॅनडात फोन लावून शिव्या घातल्या, दोघांनी मिळून दंड भरला, रिटर्न भरले, मी राजीनामा दिला, तर मग एकच डायरेक्टर उरतो म्हणून त्याच्या भावाला घालायला लागलं, बिचारा भाऊ. सीएचजी-४ साठी बँकेत गेलो तर आमची ब्रँच दुसऱ्या ब्रँचमध्ये विलीन झालेली, नवीन मॅनेजर म्हणे तुमची फाइल रेकॉर्ड रूमला आहे, ते पत्र मिळायला दोन महिने. उशिराची जादा फी वेगळी. मग कंपनी बंद करायचा अर्ज, एसटीके-२, १० हजार रुपये फी. दोन आर्थिक वर्षं धंदा बंद असावा लागतो म्हणून मार्च २०२४ उलटायची वाट बघितली. पूर्वी ही कामं आकुर्डी स्टेशनजवळच्या आरओसी, म्हणजे कंपनी रजिस्ट्रारच्या ऑफिसात व्हायची, बाबांच्या घरापासून चालत जाण्यासारखं, आता मे २०२३ पासून ती सगळ्या देशाची मानेसरला होतात, हरियाणात, सी-पेस नावाचं ऑफिस आहे. एवढं करून शेवटी रेकॉर्डवर शब्द काय येतो, तर स्ट्राइक ऑफ. रीतसर देणी फेडून स्वतःहून बंद केली तरी तोच शब्द आणि सरकारने कान धरून काढली तरी वरवर बघणाऱ्याला तोच शब्द. निदान एखादं वेगळं विशेषण तरी द्यायचं.

रेझ्युमे पण बदलला. तीन कोटी काढले, १ कोटी ६८ लाख लिहिले, वर्षासकट. सात जण रोलवर आणि साधारण पंधरा जण कंत्राटी, असं लिहिलं. सीटीसीच्या जागी मानधन ४ लाख ८०, आणि शेजारी एक ओळ, मालक म्हणून कंपनीतून घेतलेली बाकी रक्कम ही स्वतःच्या कर्जाची परतफेड होती. बायको म्हणाली, "अरे, असा रेझ्युमे वाचून कोण बोलावेल?" पुढच्या दोन महिन्यात चार जणांनी बोलावलं. त्यातल्या तिघांनी कागद काढलेच नव्हते, म्हणजे मी उगाचच शर्ट काढून उभा राहिलो होतो, पण ठीक आहे.

आणि हो, ह्या वेळी मी पण १०० रुपये भरले. एका कंपनीची ऑफर चांगली होती, १७ लाख, पिंपळे सौदागरहून जवळ, साहेब गोड बोलणारे. त्यांची बॅलन्स शीट काढली तर मार्च २०२१ नंतर काही भरलेलंच नाही. ईपीएफओच्या साइटवर बघितलं, तिथे महिन्यागणिक किती लोकांचा पीएफ किती तारखेला भरला ते दिसतं, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, ह्यांचा कधी २८ ला, कधी तीन महिन्यांचा एकदम, आणि माणसं वर्षभरात ६४ वरून ३९. आकड्याकडे बघताना मला ती ३९ माणसं दिसत होती, डबा उघडून बसलेली आणि पगार कधी होणार यावर बोलणारी. मालकाचा चेहरा पण दिसत होता, तो मला चांगला ओळखीचा होता. मी नम्रपणे नाही म्हटलं. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हटलं घरचा प्रॉब्लेम आहे.

सध्या जिथे आहे तिथलं नाव लिहित नाही, पण त्यांची येणी मी बघून घेतली आहेत, आणि व्हेंडरचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत करतात. मी आता टेबलाच्या पलीकडे बसतो, पॅनेलवाले माझ्याकडे साइन-ऑफ मागायला येतात. आज साहेब नाहीत असं एकदाच म्हणालोय, तेव्हा खरंच नव्हते.

कंपनी बंद झाल्याची नोटीस आली त्या रविवारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन निगडीला गेलो. बाबा ओट्यावर पेपर वाचत बसलेले. म्हटलं, बाबा, आता ही पाटी काढायला पाहिजे, कंपनी राहिली नाही. त्यांनी चष्म्यावरून पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "राहू दे रे. काढलीस तर भिंतीला चार भोकं दिसतील, आणि रंग आता दिवाळीशिवाय काढायचा नाहीये."

मग आम्ही चहा घेतला.